एकोडीपलीकडचं बंद कपाट आणि उशिरा आलेली हिवाळी यादी

एकोडीपलीकडच्या वस्तीतल्या वाचनालयाची वार्षिक तपासणी पुन्हा पुढे गेली आहे. आता ती येत्या बुधवारी होणार, असं तिथले ग्रंथपाल देवचंदभाऊ यांनी काल संध्याकाळी फोनवर सांगितलं. ‘‘नक्की ना?’’ असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘साहेबांच्या ऑफिसातून फोन आला होता जी. नक्की म्हंजे आतापावतो नक्की.’’

भंडारा जिल्ह्यातल्या एका छोट्या वाचनालयाच्या तपासणीशी तुमच्या हिवाळी वाचनाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. तुम्हाला यादी हवी आहे. ती दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी येते आणि यंदा आठवडाभर उशिरा येते आहे. वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, तेव्हा एकदाही मजकूर उशिरा दिला नाही. यंदा दिला, आणि का दिला ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सुरुवात जूनमध्ये झाली. पावसाळी वाचनाच्या यादीत मी लिहून गेले होते की, पाऊस, खिडकी आणि जाड कादंबरी यासारखं सुख नाही. त्याखाली यमुनाबाई नावाच्या वाचक बाईंनी प्रतिक्रिया टाकली: ‘‘बाई, तुमच्या खिडकीतून काय दिसते मले माहीत नाही. आमच्या इथं पावसात मानूस गुडघाभर चिखलात उभं राहून रोवणा करते. जाड पुस्तक धरायले हात कोनाचा रिकामा आहे? यादी करायच्या आधी पंचांग पाहत जा.’’ मी माफी मागितली. त्यांनी लिहिलं, ‘‘माफी नोको. हिवाळ्यात या. चुरणा आटोपला की आमचा मोसम लागते.’’

रोवणा म्हणजे भाताची लावणी आणि चुरणा म्हणजे धानाची मळणी. ती आटोपली, की दुपारी दोन ते चार वाचनालयाच्या ओसरीवर वस्तीतल्या दहा-बारा बाया बसतात आणि यमुनाबाई त्यांना एक कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवतात, एका बैठकीला एक प्रकरण. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हा क्रम आहे. मी ठरवलं, यंदाची यादी नागपुरात बसून करायची नाही. तीन दिवस काढायचे, तुमसर, नाकाडोंगरी आणि एकोडी अशा तीन ठिकाणी लोक काय वाचतात ते पाहायचं आणि शनिवारी रात्री यादी लिहून मोकळं व्हायचं. कागदावर हा बेत फार चांगला दिसत होता.

गुरुवारी सकाळी नागपूरहून निघाले. तुम्ही जाणार असाल तर लक्षात ठेवा: तुमसर रोड हे स्टेशन आणि तुमसर हे गाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेशनबाहेर शेअर ऑटो असतात, वीस रुपये घेतात, आणि आत श्वास घ्यायला जागा आहे तोवर सुटत नाहीत. मी पहिली बसले आणि दहावी येईपर्यंत चाळीस मिनिटं बसून राहिले. ऑटोवाला मधूनमधून धीर देत होता, ‘‘निघूनच राहिलो ना मॅडम.’’

तुमसरात उतरलं की आधी भाताचा वास येतो. गिरण्यांमध्ये धान उकडत असतं, हवेत कोंड्याची बारीक धूळ असते. चष्मा दर दहा मिनिटांनी पुसावा लागतो. बाजारात पुस्तकांचं एक चांगलं मोठं दुकान दिसलं, म्हणून आनंदानं आत शिरले.

‘‘वाचायला काय चाललंय सध्या?’’ मी विचारलं.

‘‘परीक्षा कोनती?’’ दुकानदार म्हणाला.

‘‘परीक्षा नाही. कादंबरी वगैरे.’’

‘‘सिलॅबसमध्ये आहे का?’’

मी त्याला समजावून सांगितलं की, मी कुठल्याच परीक्षेला बसत नाही. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि अतिशय सौजन्यानं म्हणाला, ‘‘मंग पेन्शनीचे नियम देऊ का? नवीन आलं आहे.’’ त्याचा दोष नव्हता. जे खपतं ते तो ठेवतो. एवढी एक टीप मात्र त्यानं दिली: नाकाडोंगरीच्या बाजारात एक माणूस गोष्टीची पुस्तकं घेऊन बसतो.

गिरणीसमोर चहाची टपरी होती. आलूबोंडा फोडून त्यावर तिखट रस्सा ओतून देतात. दोन खाल्ले की जेवणाची गरज नाही. बाकावर शेजारी एक धोतरातले काकाजी बसले होते. ट्रॅक्टरभर धान घेऊन आले होते आणि त्यांचा नंबर सोमवारशिवाय लागणार नव्हता. मी एकोडीकडे वाचनालय पाहायला निघाले आहे म्हटल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

‘‘एकोडीच्या पलीकडं ना? अध्यक्ष मीच आहो तिथचा. लांजेवार.’’

‘‘वा! कसं चाललंय?’’

‘‘एकदम कडक. तुम्ही कपाटं पाहा फक्त. एक पुस्तक इकडचं तिकडं नाई. दहा दिवस झाले, कोनाचा हात लागला नाई.’’

मी हे वाक्य वहीत टिपून घेतलं. त्यात काही खटकलं नाही, हे आज कबूल करायला हवं. रस्सा फार तिखट होता.

शुक्रवारी नाकाडोंगरी. तुमसरहून बस आहे, पण ती वेळापत्रकाप्रमाणे येते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पुढे रस्ता जंगलाच्या कडेनं जातो, साग आणि मोह, आणि मध्येच खनिज वाहणारे ट्रक काळपट धूळ उडवत जातात. दृश्य सुंदर आहे; खिडकी बंद ठेवून पाहावं. बाजारात मुळे, वांगी, सुकी मासळी आणि ब्लँकेटं यांच्या मागे तो पुस्तकवाला सापडला. ताडपत्रीवर आरत्या, पाककृती, हस्तरेषा, पत्रलेखन आणि एक गठ्ठा कॅलेंडरांचा.

‘‘हिवाळ्यात काय खपतं?’’

‘‘कॅलेंडर.’’

‘‘आणि गोष्टीची पुस्तकं?’’

‘‘होती. एकच उरली आहे.’’ ती त्याच्या मांडीवर उघडी होती. मी हात पुढे केला, तसा त्यानं तिच्यावर तळवा ठेवला. ‘‘हे विकायचं नाई. वाचून राहिलो.’’

मुखपृष्ठ नव्हतं. पहिली काही पानंही नव्हती. नाव काय, लिहिणारा कोण, त्याला माहीत नव्हतं आणि त्याची त्याला फिकीरही नव्हती.

‘‘सुरुवातच नाही, मग कळतं कसं?’’ मी विचारलं.

‘‘सुरुवात आपन मनानं लावून घ्यावं जी. शेवट पाह्यजे. शेवट आहे याले, मी पाहून घेतलं पैलेच.’’

दीडशे किलोमीटरवर येऊन एक पुस्तक सापडलं आणि तेही मिळालं नाही. परतीच्या बसची वाट पाहत दीड तास उभी होते. मग तुमसर, तिथून साकोली, आणि साकोलीला एका लॉजमध्ये मुक्काम: सातशे रुपये, गादी बरी, गरम पाणी सकाळी सहा ते आठ बादलीनं. यादीत अजून एकही पुस्तक नव्हतं. सगळी भिस्त आता यमुनाबाईंवर.

शनिवारी सकाळी साकोलीहून एकोडी आणि पुढे वस्तीपर्यंत जीपनं गेले. कापलेल्या धानाच्या बांद्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, लाखोळीची हिरवळ वीतभर वर आली होती. लाखोळी हे डाळीचं पीक; धान उभं असतानाच तिचं बी त्यात फेकतात. धान निघालं की ती अंगावर ऊन घेऊन वाढते. खळ्यांवर तणसाचे पिवळे ढीग, पलीकडे तलाव, तलावावर पाणकोंबड्या. दोन दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आले ते बरं केलं.

यमुनाबाई उंच, किरकोळ, नाकावर घसरलेला चष्मा. जेवायला पोपटाच्या शेंगांची भाजी, भात आणि लाखोळीचे वडे. पोपट म्हणजे वालाचा इकडचा भाऊबंद. हिवाळ्यात आलात तर मागून खा. जेवताना मी यादीचं विचारलं. त्यांनी ताटात आणखी एक वडा टाकला.

‘‘सांगतो ना. पन आमचं वाचनच बंद आहे सध्या.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘चाला ओसरीवर. तुमच्या डोळ्यानं पाहा.’’

वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि दक्षिणेकडे तोंड असलेली लांब ओसरी. दोन वाजले होते, ऊन थेट भिंतीपर्यंत आलं होतं, आणि बारा बाया सुपात डाळ, तांदूळ असं काहीबाही घेऊन निवडत बसल्या होत्या. पुस्तक मात्र नव्हतं. तेरा दिवस त्या रोज दोन वाजता येत होत्या, चारपर्यंत बसत होत्या आणि उठून जात होत्या. पुस्तक भिंतीपलीकडे कपाटात होतं आणि कपाट तपासणीसाठी बंद होतं.

यंदाची कादंबरी गावातल्या एका विहिरीची आहे. भरल्या पाण्याची विहीर एका रात्रीत कुणीतरी मातीनं बुजवून टाकतं. कुणी आणि का, यावर अख्खं पुस्तक; मास्तरपासून सावत्र भावापर्यंत सगळ्यांवर संशय. बायांनी तिचं नाव ठेवलंय ‘विहीरवाली’. शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. मी ती वाचलेली आहे. हे मी बोलून गेले, आणि तिथंच चुकले.

भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी एकदम ओरडली, ‘‘तोंड तिकडं करा, बाई! तोंड तिकडं!’’

‘‘मी काही सांगत नाहीये.’’

‘‘तुमच्या तोंडावर दिसते. मी मास्तरचं नाव घेतलं अन् तुमची भिवई हालली.’’

‘‘मास्तर नाई व सरू,’’ दुसरी म्हणाली, ‘‘सावत्र भाऊ आहे तो. मी पैल्या दिवसापासून सांगून राहिली.’’

‘‘तुले तं सगळेच सावत्र भाऊ दिसते. तुह्या घरी आहे म्हनून!’’

हशा पिकला. मी शहाण्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसले आणि पुढची पंधरा मिनिटं चुन्याच्या भिंतीशी बोलले.

ही सरूबाई. सत्तरीची, शाळेत कधी गेली नाही, पण गेल्या चार हिवाळ्यांतली एक दुपार चुकवलेली नाही. कुठल्या प्रकरणात कोण काय बोललं हे यमुनाबाईंना आठवलं नाही तर सरूबाईला विचारतात. नवरा गेल्यापासून एकटी राहते. मुलगा सुनील पुण्याला कारखान्यात आहे. तो तिला न्यायला आला होता. गाय विकली होती, धान आटोपलं होतं, घराला लावायचं कुलूप घेऊन झालं होतं. रविवारी सकाळची गाडी.

‘‘किती दिवसांसाठी?’’ मी भिंतीला विचारलं.

‘‘तो म्हनते पाहू,’’ सरूबाई म्हणाली. ‘‘पाहू म्हंजे कायमचं. मले समजते. पन तीन प्रकरनं तं ऐकून जाऊ द्या मले. चार हिवाळ्यात पैल्यांदा माझं पुस्तक अर्धं राहून राहिलं.’’

‘‘पुण्यात सून वाचून दाखवेल की.’’

‘‘सुनेले सावत्र भावाशी भांडता येते का?’’ सरूबाई म्हणाली.

मी आत गेले. देवचंदभाऊ टेबलाशी बसून एका पुस्तकाच्या पाठीला मैद्याची खळ लावत होते. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. कपाटांमध्ये कडुनिंबाचा पाला ठेवलेला, काचा लखलखीत, पुस्तकं क्रमांकानं उभी. दोन नंबरच्या कपाटाच्या दोन्ही दारांवर आडवी कागदी पट्टी चिकटवलेली: ‘तपासणीसाठी तयार’, खाली अध्यक्षांची सही आणि गोल शिक्का. तुमसरच्या टपरीवर ऐकलेलं वाक्य मला आता समजलं.

‘‘देवचंदभाऊ, एक पुस्तक दोन तासांसाठी द्या. ओसरीच्या बाहेर जाणार नाही.’’

‘‘द्यायले काय हरकत आहे जी, पन पट्टी लागली आहे ना.’’

‘‘तपासणी कधी?’’

‘‘एक तारखेले होती. मंग आठले झाली. आता पंधरा म्हनून राहिले.’’

‘‘म्हणजे तोवर कुणी वाचायचंच नाही?’’

त्यांनी खळीचा ब्रश वाटीत ठेवला. नोकरीच्या पहिल्या वर्षी, ते म्हणाले, तपासणीला आलेल्या साहेबांनी सहज म्हणून एक क्रमांक सांगितला आणि ते पुस्तक दाखवा म्हणाले. पुस्तक वाचकाकडे गेलेलं. नोंद होती, सही होती, सगळं होतं. पण सगळ्या कमिटीसमोर देवचंदभाऊ रिकाम्या जागेकडे बोट दाखवून उभे राहिले. ‘‘साहेब काही बोलले नाई. नुसतं ‘हं’ म्हटलं. ते ‘हं’ मले अजून ऐकू येते.’’

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भयंकर चीड आली होती. तीन दिवस, तीन बस, एक पुस्तक नाही. आणि जिथं पुस्तकं आहेत, वाचणारे आहेत, ऊन आहे, तिथं मध्ये एक कागदी पट्टी. देवचंदभाऊंनी विषय बदलावा तसं एक जाड रजिस्टर पुढे केलं. पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची रीत आहे. तपासणीचे शेरेही त्यातच असतात. चांगलं काय लिहावं हे सुचेना, म्हणून मी मागची पानं चाळली.

तीन वर्षांपूर्वीचा शेरा: ‘मांडणी उत्तम. मात्र तपासणीपूर्वी आठवडाभर देवघेव दिसत नाही. खुलासा करावा.’ खाली देवचंदभाऊंच्या वळणदार अक्षरात खुलासा: ‘यापुढे अधिक खबरदारी घेण्यात येईल.’

पुढच्या वर्षी: ‘तपासणीपूर्वी पंधरा दिवस देवघेव शून्य. वाचक का घटले?’ खुलासा: ‘पूर्ण खबरदारी घेण्यात येईल.’

गेल्या वर्षी: ‘तीन आठवडे देवघेव शून्य. ऐन हिवाळ्यात पुस्तके बंद ठेवण्याचे कारण कळावे.’ खुलासा: ‘कपाटांची अधिकच काळजी घेण्यात येईल.’ आणि यंदा त्यांनी काळजी घेतली होती. एक तारखेपासून पट्टी, अध्यक्षांची सही, शिक्का.

मी तिन्ही शेरे ओळीनं मोठ्यानं वाचले. ओसरीवरची सुपं थांबली होती, हे मला मागाहून कळलं.

‘‘देवचंदभाऊ, ते तुम्हाला विचारतायत की लोक वाचत का नाहीत. तुम्ही दर वर्षी उत्तर देताय की आणखी कडक कुलूप लावू.’’

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. वाचलं. पान उलटून मागचं वाचलं. ‘‘शेरा आला म्हंजे चूक निघाली,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘मले वाटलं, कपाटात काही कमी पडलं.’’

मग त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. लांजेवार काकाजी गिरणीवरच होते. त्यांचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. ‘‘पट्टी काढू नोको, देवचंद! मी सोमवारी येतो, मंग पाहू.’’

‘‘सरूबाई उद्या जाऊन राहिली जी.’’

‘‘तिले म्हन सोमवारपावतो थांब!’’

फोन ठेवून देवचंदभाऊंनी खळीची वाटी बाजूला सारली. मला वाटलं संपलं. मी पिशवी उचलली. तेवढ्यात त्यांनी ड्रॉवरमधून देवघेवीचं रजिस्टर काढलं, खिशातल्या दोन पेनांपैकी निळं निवडलं आणि लिहायला लागले. तारीख. दाखल क्रमांक. सभासदाचं नाव: यमुनाबाई. मग हाक मारली, ‘‘यमुनाबाई, सही करा.’’

यमुनाबाईंनी सही केली. देवचंदभाऊंनी फुंकर मारून शाई वाळवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आता नोंद झाली मॅडम. नोंद झाली म्हंजे पुस्तक द्यावंच लागते. नियम आहे.’’

पट्टी त्यांनी फाडली नाही. पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून कडा भिजवल्या आणि दहा मिनिटं लावून ती अख्खी, शिक्क्यासकट, सोलून काढली. मी तोवर घड्याळाकडे पाहत होते. सव्वातीन झाले होते.

यमुनाबाई वाचतात तेव्हा हात हलवत नाहीत, आवाज चढवत नाहीत. संवाद आला की जराशी मान वळवतात, एवढंच. पहिलं प्रकरण संपलं तेव्हा मास्तर सुटला होता. सरूबाईनं हार मानली नाही. म्हणाली, मास्तर नाई तं मास्तरची बायको. दुसऱ्या प्रकरणाच्या अर्ध्यात सुनील मोटारसायकल घेऊन आईला न्यायला आला. उभा राहिला. मग गाडीवर बसला. मग गाडी बंद करून ओसरीच्या पायरीवर येऊन बसला.

साडेचारनंतर ऊन अंगणात उतरलं. दुसरं प्रकरण संपलं होतं, सावत्र भाऊही सुटला होता, आणि एकच प्रकरण उरलं होतं, चौदा पानांचं. देवचंदभाऊंनी आतला दिवा लावून ठेवला. यमुनाबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटलं.

‘‘राहू दे,’’ सरूबाई म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे पाहायला लागल्या. माझी भिवई दिसू नये म्हणून सगळ्यांच्या मागे बसलेली मीसुद्धा पुढे सरकले.

‘‘ऐकून घे ना माय,’’ सुनील म्हणाला. ‘‘मी थांबतो ना.’’

‘‘तू थांबशील, मले माहीत आहे.’’ सरूबाई त्याच्याकडे न बघता पदरावरचा कोंडा झटकत होती. ‘‘पन इथचं सारं आटपून गेली मी, तं मंग तू मले इकडं आनशील कायले?’’

सुनीलनं खिशातून गाडीची चावी काढली. तो चावीशी चाळा करत राहिला.

‘‘लाखोळी काढायले येतो मी,’’ ती बायांना म्हणाली. ‘‘तवा वाचू. तोवर कोनी पान उघडलं तं माझ्या गळ्याची शपथ आहे.’’

‘‘दोन महिने?’’ सावत्र भाऊवाली किंचाळली. ‘‘माय व! मरून जाऊ ना आम्ही!’’

‘‘अन् तू नाई आली तं?’’ आणखी कुणीतरी विचारलं.

‘‘तं तुम्हाले बी समजनार नाई,’’ सरूबाई म्हणाली. ‘‘म्हनून तुम्हीच मले आनवा.’’

यमुनाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुस्तक मिटलं. देवचंदभाऊ आतून ती सोललेली पट्टी घेऊन आले. तोवर ती वाळली होती. शेवटच्या चौदा पानांना त्यांनी ती पट्ट्यासारखी गुंडाळली, खळ न लावता, टोक टोकात खोचून. वर अध्यक्षांची सही आणि गोल शिक्का. ‘तपासणीसाठी तयार’ या शब्दांखाली त्यांनी निळ्या पेनानं लिहिलं: ‘सरूबाई आल्यावर.’

रविवारी दुपारी मी नागपूरला पोचले. यादी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की यंदा ती पुस्तकांच्या नावांनी नाही, शेतीच्या पंचांगानं लिहावी लागणार, म्हणून हा उशीर. यमुनाबाईंनी निघताना जे सांगितलं तेच खाली देते. धान कापणीच्या दिवसांत लहान कथा, एका बैठकीत संपतील अशा. त्यांच्याकडे एक ‘सासुरवाशिणींची’ आहे आणि एक ‘माशांची’, तलावातल्या माशांवर कुणा निवृत्त माणसानं लिहिलेली, ती कथा नाही पण कथेसारखी वाचतात. चुरणा आटोपला की जाड कादंबरी, आणि तीही एकटीनं नाही, चारचौघींत, म्हणजे भांडता येतं. लाखोळीच्या दिवसांत हलकंफुलकं, कारण कमर दुखत असते आणि हसायला बरं वाटतं. उन्हाळ्यात चरित्रं, लग्नांची गर्दी असते, मध्येच सोडून उठलं तरी चालतं; पुस्तकातला माणूस मरेपर्यंत चरित्र कुठं जात नाही. आणि रोवण्याच्या पावसात काहीही नाही. पावसाळी यादी मी यापुढे करणार नाही.

‘विहीरवाली’चं खरं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तुमच्यापैकी कुणीतरी उत्साहानं खाली प्रतिक्रियेत शेवट लिहाल, आणि यमुनाबाई प्रतिक्रिया वाचतात. नावासाठी आता मला बरेच निरोप येतील. कृपा करून पाठवू नका. तुमच्या वाचनालयात जा, विहिरीचं पुस्तक मागा, सापडेल. कपाटाला पट्टी असेल तर आधी नोंद करायला सांगा.

आता पुढचं. बुधवारी तपासणी आहे. लांजेवार काकाजी सोमवारी परतले, पट्टी नाही हे पाहून संतापले आणि मग रजिस्टरमधले तीन शेरे त्यांनीही वाचले. त्यानंतर ते स्वतः ‘माशांची’ घरी घेऊन गेले आहेत. दोन नंबरच्या कपाटात या घडीला अकरा जागा रिकाम्या आहेत. साहेबांनी क्रमांक विचारला तर काय बोलावं, याची तालीम देवचंदभाऊंनी काल फोनवर माझ्यासमोर दोनदा केली. साहेब नुसतं ‘हं’ म्हणाले तर काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.

लाखोळी फेब्रुवारीत निघेल. सरूबाईचं परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. मात्र गुरुवारी सुनीलनं यमुनाबाईंना पुण्याहून फोन केला. आईची तब्येत सांगितली, थंडीचं विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, विहीर शेवटी बुजवली कोनं? यमुनाबाई म्हणाल्या, आईले घेऊन ये अन् ऐक. त्यानंतर त्यानं माझा नंबर कुठून तरी मिळवला. त्याचा निरोप माझ्या फोनवर आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.